लागंल न्हवं नंबर?

"अठ्ठ्याण्णव पडलं पोरग्याला. लागंल न्हवं पुण्यात नंबर?"

सीईटीचा निकाल लागला की हा प्रश्न गडहिंग्लजात कुणालाही विचारावा. उत्तर मिळतंच. दसरा चौकात झेरॉक्स काढणारा सांगतो, एसटीचा कंडक्टर सांगतो, गालाला फेस फासून वस्तरा परजणारा सांगतो. आणि ज्याचा स्वतःचा मुलगा तिसऱ्या वर्षाला बसून अजून पहिल्या वर्षाचे विषय सोडवतोय, तो तर सगळ्यांत ठामपणे सांगतो. "लागतंय की वो! आमच्या साडूच्या पोराला सत्त्याण्णववर लागलंय." साडूच्या पोराला कुठल्या साली लागला, कुठल्या शाखेला, कुठल्या प्रवर्गातून, कितव्या फेरीत, असल्या किरकोळ चौकश्या करणारा माणूस खवचट ठरतो. सदर लिहिणाऱ्याला ती भीती उरलेली नसते.

तेव्हा पहिली चौकशी. नंबर, पण कशाला? राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा दोन लाखांच्या वर आहेत आणि दरवर्षी त्यातल्या हजारो रिकाम्या राहतात. बारावीला भौतिक, रसायन, गणित मिळून खुल्या गटात ४५ टक्के, राखीव गटात ४० टक्के पाहिजेत, आणि सीईटीत शून्य पडलेलं नसावं. झाला पोरगा पात्र. नंबर लागतोच, कुठं ना कुठं. उलट ऑगस्ट उजाडला की कॉलेजवालेच घरी फोन लावतात, "काका, पोराचं ठरलं का? एकदा कॅम्पस बघून तरी जावा." काकांना स्वतःच्या लग्नातही एवढा मान मिळालेला नसतो.

म्हणजे प्रश्न नंबराचा नाहीच. प्रश्न पुण्याचं सीओईपी नाहीतर मुंबईचं व्हीजेटीआय, आणि तिथंही फक्त कॉम्प्युटर, एवढाच आहे. खुल्या गटात तिथला कॉम्प्युटर ९९.९ च्या आसपास मिटतो. त्याच इमारतीत सिव्हिल कितीला मिळतं, हे विचारायला मात्र कुणी येत नाही. मी एकदा सुचवून पाहिलं. "सिव्हिल घेऊन काय वाळू चाळायची?" असं उत्तर आलं, आणि ते एका बांधकाम ठेकेदाराकडून आलं.

दुसरी चौकशी. अठ्ठ्याण्णव काय? टक्के की पर्सेंटाईल? इथं बाप जरा गडबडतो आणि आई "दोन्ही एकच की," म्हणून सावरून घेते. एकच नाही, वहिनी. टक्के म्हणजे पेपराशी झालेला हिशेब. पर्सेंटाईल म्हणजे शेजाऱ्यांशी झालेला. तुमच्या सत्रात परीक्षेला बसलेल्यांपैकी शंभरात किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्या खाली आहेत, तो आकडा. २०२५ साली गणिताच्या गटात सव्वाचार लाखांच्या आसपास मुलं बसली. आख्ख्या गडहिंग्लज तालुक्यात माणसं आहेत त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यात अठ्ठ्याण्णव पर्सेंटाईल म्हणजे पुढं साधारण साडेआठ हजार पोरं उभी आहेत. हे सांगितलं की घरात पहिल्यांदा शांतता होते. मग बाप विचारतो, "ती सगळी पुण्यालाच जाणार हाईत काय?" प्रश्न वाटतो तितका वेडा नाही. ती सगळी पुण्यालाच जाणार आहेत.

आकडा दशांशचिन्हानंतर सात घरांपर्यंत दिलेला असतो. इतकी नेमकी मोजणी आपल्याकडं उसाच्या काट्यावर झाली असती तर शेतकऱ्यांच्या निम्म्या संघटना बंद पडल्या असत्या. पण नेमकेपणा उत्तराचा असतो, प्रश्नाचा नसतो. २७ एप्रिल २०२५ च्या सत्रात गणिताच्या ५० प्रश्नांपैकी २१ प्रश्नांचे पर्यायच चुकीचे निघाले. सुमारे सत्तावीस हजार मुलांना ५ मेला पुन्हा पेपर द्यावा लागला. म्हणजे पेपर काढणाऱ्याला पन्नासात एकोणतीस. त्याचा नंबर कुठंच लागला नसता.

आता जरा मागं जाऊ, कारण हा रोग बारावीत होत नाही, दहावीतच लागतो. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ मुलांना शंभर टक्के पडले. त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले, आणि आपल्या कोल्हापूर विभागातले १२. हा आकडा आला त्या आठवड्यात इथल्या काही पालकांनी लातूरला खोलीचं भाडं किती पडतं याची चौकशी सुरू केली. शंभर टक्के पडतात ते सहापैकी उत्तम पाच विषय धरून, आणि वर कला-क्रीडेचे वाढीव गुण घेऊन. इंटरमिजिएट चित्रकलेला 'अ' श्रेणी असेल तर सात गुण. ज्या पोरानं मडकं आणि वांगं एवढंच आयुष्यात काढलं, त्याला इतिहासाच्या एका मोठ्या प्रश्नापेक्षा जास्त मिळतात. त्यात वाईट काही नाही. वांगं काढणं सोपं नसतं.

आपल्या गावाचं दुखणं फुटबॉलचं. एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर संध्याकाळी चेंडूमागं पळणाऱ्या पोराला दहावीच्या जूनमध्ये घरी बसवतात, "आता खेळ बंद." आणि तोच बाप फेब्रुवारीत क्रीडा गुणांचा प्रस्ताव घेऊन शिक्षकांच्या मागं पळत असतो, "सर, दोन वर्षांमागं जिल्ह्याला खेळलं होतं की वो ते!"

दहावीनंतर अकरावी. पूर्वी घाळी, शिवराज, साधना, कॉलेजांची ठरलेली नावं; बापानं जाऊन अर्ज आणायचा, मुख्याध्यापकांना नाहीतर प्राचार्यांना नमस्कार करायचा, की झालं. २०२५ पासून अकरावी सगळ्या राज्यात एकाच संगणकावर गेली. आधी ते मुंबई-पुण्याचं खूळ होतं. आता नांगनूरच्या पोरानंही दहापर्यंत पसंतीक्रम भरायचे. पहिल्याच दिवशी, २१ मे रोजी, संकेतस्थळ झोपलं. राज्यात उत्तीर्ण साडेचौदा लाखांच्या घरात, जागा वीस लाखांच्या वर. म्हणजे प्रत्येकाला खुर्ची आणि पाय पसरायला आणखी अर्धी. तरी घराघरात एकच धसका, "लागंल न्हवं?"

हा धसका जागांचा नाही. ओळखीचा आहे. गडहिंग्लजात कुठलंही काम घ्या. कारखान्याचा शेअर असो, बँकेचं कर्ज असो, दवाखान्यातला नंबर असो, आधी "कुणाच्यातला तू?" हे ठरतं आणि मग काम होतं. पिढ्यानपिढ्या आपण ही विद्या कमावली. आणि नेमकं पोराच्या प्रवेशाला असं यंत्र गाठ पडलं, ज्याला आण्णा माहीत नाहीत, साहेब माहीत नाहीत, मागच्या इलेक्शनला कोण कुणाबरोबर होतं तेही माहीत नाही. ते फक्त मेरिट क्रमांक बघतं, प्रवर्ग बघतं, पसंतीक्रम बघतं आणि जागा देतं. इतकी स्वच्छ गोष्ट माणसाला सहन होत नाही. आत कुणीतरी ओळखीचा असणारच, फक्त आपल्याला तो सापडत नाही, असं वाटत राहतं.

ही पोकळी भरायला काउन्सेलर आले. फ्लेक्सवर टाय, हाताची घडी, मागं आयआयटीचा नाहीतर ताजमहालाचा घुमट. त्यांच्या पॅकेजला सोनेरी, चंदेरी अशी नावं असतात. सोनेरीत फॉर्म भरून मिळतो, चंदेरीत नुसता धीर. ते विकतात काय? मागच्या वर्षीचे कटऑफ. हे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फुकट पडलेले असतात, कॉलेजवार, शाखावार, फेरीवार. पण फुकट मिळालेल्यावर आपला विश्वास नाही. तोच कागद रंगीत झेरॉक्स होऊन, फाईलला लागून, हजारांत आला की त्यात तथ्य वाटतं.

बरं, कटऑफ म्हणजे तरी काय? आपल्या यार्डात जवारी मिरचीचा सौदा संपतो तेव्हा शेवटचं पोतं ज्या भावाला गेलं तो भाव. एवढंच. मागल्या वर्षी त्या शाखेत शेवटचा जो पोरगा बसला, त्याचा तो आकडा. यंदा मिरची किती येणार, घेणारे किती, व्यापाऱ्यानं रात्री काय स्वप्न बघितलं, यातलं काही त्यात लिहिलेलं नसतं. कॉलेजनं कॉम्प्युटरच्या साठ जागा वाढवल्या तर आकडा खाली येतो. कुठल्याशा चित्रफितीत कुणीतरी "एआयमध्येच भविष्य" म्हणाला तर वर जातो. सातव्या दशांशापर्यंत अंदाज सांगणारा माणूस दिसला की मी त्याला पुढच्या मंगळवारचा मिरचीचा दर विचारतो.

आणि जिथं खरंच सल्ला हवा, तिथं हे सल्लागार पोराला खड्ड्यात घालतात. ऑप्शन फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. यंत्र वरून खाली येतं आणि जिथं तुमचा क्रमांक बसतो तिथं थांबतं. वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालचं सोपं कॉलेज हातचं जात नाही. त्यामुळं जे पाहिजे ते वर, जे चालेल ते खाली, यापलीकडं शास्त्र नाही. पण "पहिल्या नंबरला सेफ टाका" हा सल्ला पैसे घेऊन दिला जातो. २०२५ च्या नियमात पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की तो आपोआप गोठतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनातला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहातला. म्हणजे भीतीपोटी वर लिहिलेलं सेफ कॉलेज पहिल्याच फेरीत गळ्यात पडतं आणि बाकीच्या तीन फेऱ्या घरात बसून बघायच्या. काउन्सेलरचा मात्र यशाचा आकडा वाढतो. "आमच्या शंभर टक्के मुलांना पहिल्या पसंतीचं कॉलेज!" पुढच्या फ्लेक्सवर हे येतं आणि ते खोटं नसतं.

आता त्या साडूकडं वळू. कटऑफच्या कागदावर आकड्यापेक्षा महत्त्वाचं असतं वरचं कोडं, जी-ओपन-एच, एल-ओबीसी-ओ, जी-एससी-एस असलं काहीतरी. पहिलं अक्षर सर्वसाधारण की महिला, मधलं प्रवर्ग, शेवटचं गाव. गावच म्हणायचं, कारण 'एच' म्हणजे त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातलं घरचं पोर, 'ओ' म्हणजे बाहेरचं, 'एस' म्हणजे राज्यभराचं एकत्र. बऱ्याच कॉलेजांत ७० टक्के जागा घरच्यांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. गडहिंग्लजात बारावी झालेला पोरगा शिवाजी विद्यापीठाचा. कोल्हापूर, सांगली, सातारा एवढं त्याचं घर. पुण्यात तो 'ओ'. आणि साडू राहतो हडपसरला! त्याच्या पोराचे सत्त्याण्णव आणि तुमच्या पोराचे अठ्ठ्याण्णव एका रांगेत उभेच नव्हते. एका लग्नात शेजारी बसून जेवले, एवढाच संबंध.

आपण पडलो सीमेवर. इथून संकेश्वर हाकेच्या अंतरावर, पोरं निपाणी-बेळगावकडं शिकायला जातात, तिकडची इकडं येतात. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो, तिथल्या मराठी मुलांसाठी प्रवेशाच्या नियमांत 'ई' नावाचा वेगळा प्रकार आहे. त्यासाठी मातृभाषा मराठी असल्याचं सिद्ध करावं लागतं. गेल्या सत्तर वर्षांत सीमाभागातल्या माणसानं मराठीसाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला, पण तिचा कागदावर रोख उपयोग झाला तो इथं. आणि आमच्याच तालुक्याच्या पूर्वेला, हलकर्णी-बसर्गे भागात, घरात कानडी बोलणारी आजी नातवाला विचारते, "एल्लि सिक्तु?" कुठं मिळालं? तिच्या नातवाला भाषेचं काहीही सिद्ध करावं लागत नाही. सीमा त्याच्या बाजूची आहे.

कागदांचं असंच. पोराला किती पडले यापेक्षा जातपडताळणी झाली का, नॉन-क्रिमिलेअर यंदाचं आहे का, ईडब्ल्यूएसचा दाखला ठरलेल्या नमुन्यात आहे का, यावर जास्त जागा गेल्यात. प्रवेशाची मुदत संपायला दोन दिवस असताना सेतू केंद्राच्या दारात जी रांग असते, तिच्यातल्या पोरांचे पर्सेंटाईल घेऊन बघा. एकेक असा की मान खाली घालावी. हुशारीला सात दशांश आहेत, आजोबाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याला एकही नाही. तिथं पेनानं लिहिलेलं आडनाव एका काना-मात्रेनं चुकलं की पोरगा खुल्या गटात.

"पूर्वी बरं होतं," असं म्हणणारे एक काका नेहमी भेटतात. पूर्वी काय होतं? पूर्वी आपल्या भागाला सांगलीचं वालचंद आणि १९६० चं कऱ्हाडचं सरकारी कॉलेज, संपलं. मग १९८३ मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. त्याच साली कोल्हापुरात केआयटी आलं, मग एकेक येत गेली, आता महागावलाही आहे. दार उघडलं हे चांगलं झालं, इथल्या कितीतरी शेतकऱ्यांची पोरं त्यातून आत गेली. पण दारात डोनेशनची पेटीही होती. १९८७ मध्ये कॅपिटेशन फी घ्यायला कायद्यानं बंदी आली आणि पेटी टेबलाखाली गेली. त्या काळात पोराचे चान्सेस काढायला काउन्सेलर लागत नव्हता, सात-बारा पुरत होता. आजही खासगी विनाअनुदानित कॉलेजांत २० टक्क्यांपर्यंत जागा संस्थेच्या स्तरावर भरल्या जातात, आणि तिथं "कुणाच्यातला तू?" हा जुना प्रश्न अजून सुखानं नांदतो.

मधला एक वर्ग राहिलाच, इंटिग्रेटेडवाले. नाव गावाकडच्या कॉलेजात, पोरगा कोल्हापूरच्या क्लासात, हजेरी दोन्हीकडं. प्रॅक्टिकलची वही कुणी लिहिली हे प्रॅक्टिकल घेणाऱ्यालाही माहीत नसतं, कारण प्रॅक्टिकल झालेलं नसतं. हा पोरगा आणि रोज नूलहून एसटीनं येऊन, अकराचा तास गाठून, संध्याकाळी म्हशीची धार काढून सीईटी देणारा पोरगा, दोघांसमोर एकच पेपर. यंत्र भेदभाव करत नाही. त्याला धार दिसतच नाही.

शेवटी एक हिशेब, जो कुठल्याच काउन्सेलरच्या सोनेरी पॅकेजात नसतो. जागांमध्ये ३० टक्के मुलींसाठी. जुलै २०२४ च्या शासननिर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क दोन्ही शंभर टक्के माफ. म्हणजे सारखेच पर्सेंटाईल असलेल्या भावा-बहिणीत पुण्याच्या कॉलेजात बहिणीचे चान्सेस जास्त आणि खर्च कमी. यंत्रानं, सरकारनं, आकड्यानं, सगळ्यांनी कौल दिलेला. मग ऑप्शन फॉर्म उघडायचा. भावाच्या वेळी त्यात नाशिकपासून नांदेडपर्यंत एकशेदहा पर्याय होते. बहिणीच्या फॉर्ममध्ये पाच. पाचही गडहिंग्लज-कोल्हापूर एसटीच्या वाटेवर.

"हिला किती पडलं?" मी विचारलं.

"नव्व्याण्णव पॉइंट कायतरी. जवळच बरं वो पोरीचं. आणि तसं पण तिचा नंबर लागतोयच की."